शर्ली अ‍ॅनालायझर आणि ‘अदृश्य घटी’चा घोळ

गाठीतल्या रुईत पाला, काडी, सरकीचं टरफल, माती किती, हे पूर्वी ग्रेडर मूठभर रुई उलगडून नजरेनं सांगत. सौद्याला ते पुरायचं, पण ब्लो रूममध्ये, म्हणजे गिरणीत रुई उलगडून साफ करणाऱ्या विभागात, किती माल उडणार याचा हिशेब त्यातून लागत नसे. मँचेस्टरजवळ डिड्सबरीच्या कापूस संशोधन संस्थेत यासाठी यंत्र बनलं. संस्थेला एका देणगीदाराच्या मुलीचं नाव होतं, तेच यंत्राला चिकटलं: शर्ली अ‍ॅनालायझर.

रचना कार्डिंगवाल्याला (रुई पिंजणाऱ्याला) नवी नाही. लिकर-इन या दातेरी रोलरचे दात पुंजका सोडवतात, सुटे तंतू हवेच्या झोताबरोबर जाळीदार पिंजऱ्यावर जातात, जड कचरा खालच्या ट्रेमध्ये पडतो. नमुना 100 ग्रॅमचा. एका फेरीत काम होत नाही. निघालेली रुई पुन्हा घालायची, मग ट्रेमधला कचरा पुन्हा घालून त्यातले अडकलेले तंतू परत मिळवायचे. फीड प्लेटवर थर जाड-पातळ पडला की न सुटलेले पुंजके थेट ट्रेमध्ये येतात आणि कचरा फुगतो. आधीच्या नमुन्याचे तंतू आत राहिले तर नव्या नमुन्याचा आकडाच बिघडतो.

खरं भांडण ‘अदृश्य घटी’चं. समजा, 100 ग्रॅममधून रुई 95.6 आणि कचरा 3.6 निघाला. उरलेले 0.8 ग्रॅम गेले कुठे? बारीक धूळ, तुटके तंतू, थोडा ओलावा. मग कचरा 3.6 टक्के म्हणायचा की 4.4? अमेरिकी चाचणी पद्धतीत दृश्य आणि अदृश्य मिळून ‘नॉन-लिंट’ धरतात. आपल्याकडच्या गिरण्यांच्या कागदांवर बहुधा ट्रॅश (ट्रेमधला कचरा) वेगळा आणि ही घट वेगळी. विकणाऱ्याला पहिला आकडा सोयीचा, घेणाऱ्याला दुसरा. बेरीज करून एकच आकडा देणं चूकच, कारण घटीतला ओलावा काही कचरा नाही. कोरडा नमुना दमट खोलीत चालवला तर रुई हवेतून ओलावा ओढते आणि घट चक्क उणे निघते! म्हणून नमुना आधी 65 टक्के सापेक्ष आर्द्रतेत आणि (आपल्याकडे) 27 अंशांत मुरवून, वजनंही तिथेच करायची. ब्लो रूमची क्लीनिंग एफिशियन्सी, म्हणजे किती टक्के कचरा निघाला हे, काढताना तर आधीच्या आणि नंतरच्या नमुन्याला एकच व्याख्या हवी, नाहीतर टक्केवारी कशीही वळवता येते.

पुढे धुळीला स्वतंत्र महत्त्व आलं. रोटर स्पिनिंगमध्ये, म्हणजे वेगानं फिरणाऱ्या रोटरमध्ये सूत कातताना, ती रोटरच्या खाचेत साचून सूत बिघडवते; अमेरिकेत 1978 मध्ये कामगारांच्या फुप्फुसांसाठी सूतकताईतल्या धुळीवर घनमीटरला 200 मायक्रोग्रॅमची मर्यादा आली. वजनाच्या तागडीला हे बारीक काम झेपेना. एएफआयएस या तंतू-तपासणीच्या यंत्रात अर्ध्या ग्रॅमचा नमुना काटेरी सिलिंडरवर एकेक तंतूपर्यंत सुटा होतो आणि प्रकाशझोतातून जाणारे कण मोजले जातात. 500 मायक्रॉनच्या वर ट्रॅश, खाली धूळ.

एचव्हीआय या झटपट रुई तपासणाऱ्या यंत्राने तर तंतू सुटे करणंच सोडलं. काचेवर दाबलेल्या रुईचा कॅमेरा फोटो घेतो आणि कचऱ्यानं व्यापलेलं क्षेत्रफळ टक्क्यांत देतो. तेवढ्याच वजनाचा पाला चुरडलेला असेल तर क्षेत्रफळ वाढतं. आत दडलेलं सरकीचं टरफल मात्र दिसतच नाही. शर्लीच्या वजनाच्या आणि एचव्हीआयच्या क्षेत्रफळाच्या, दोन्ही आकड्यांपुढे टक्क्याचंच चिन्ह असतं, आणि सौद्याच्या कागदावर ‘ट्रॅश 3.5 टक्के’ एवढंच लिहिलं की वजनाचा की क्षेत्रफळाचा, हा वाद माल गिरणीत उतरल्यावर सुरू होतो.