थंड असताना धावतो, तापल्यावर चढावर अडतो

अमेरिकेत जुन्या लॉन ट्रॅक्टरच्या (अंगणातलं गवत कापणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरच्या) जाहिरातींत एक वाक्य हमखास आढळतं: 'इंजिन उत्तम, फक्त तापल्यावर जरा हळू चालतो.' मोठं अंगण असलेली तिथली मराठी मंडळीही असा ट्रॅक्टर घेतात आणि पुढे 'हायड्रो गेला' म्हणून भंगारात काढायला निघतात. हायड्रो म्हणजे तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारं ट्रान्समिशन. पण प्रत्येक वेळी हायड्रोच गेलेला असतो असं नाही. आणि गेला असेल, तर का गेला हे समजण्यासारखं आहे.

या ट्रॅक्टरात गिअर बदलायचे नसतात. इंजिन बेल्टने पंप फिरवतं, पंप तेल दाबाने मोटरकडे ढकलतो, मोटर मागची चाकं फिरवते आणि तेल परत पंपाकडे येतं. पंपाच्या गोल ब्लॉकमध्ये छोटे पिस्टन असतात आणि त्यांची टोकं एका कलत्या तबकडीवर टेकलेली असतात. ब्लॉक फिरला की तबकडीच्या उतारामुळे प्रत्येक पिस्टन फेरीत एकदा आत जातो, एकदा बाहेर येतो. पेडल दाबलं की कल वाढतो, पिस्टनची धाव वाढते आणि तेल जास्त जातं. कल शून्य केला की न्यूट्रल, उलटा केला की रिव्हर्स. एका कोनात सगळं आलं! यंत्रांमध्ये इतकी देखणी युक्ती क्वचितच सापडते.

या पिस्टनांना रिंग नसते. पिस्टन आणि त्याचं भोक यांच्यात काही मायक्रॉनांची फट असते आणि तीत साठलेला तेलाचा थर हेच सील. या फटीतली गळती फटीच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढते. झिजून 15 मायक्रॉनची फट 30 झाली, तर गळती दुप्पट नव्हे, आठपट होते. शिवाय तेल जितकं पातळ, तितकी गळती जास्त. 10डब्ल्यू-30 तेलाची श्यानता (म्हणजे दाटपणा) 40 अंश सेल्सिअसला साधारण 65 ते 70 सेंटिस्टोक असते, 100 अंशांना जेमतेम 10 ते 11. त्यात भर म्हणजे गळणारं तेल काहीच काम करत नाही, त्याची सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. 100 बार दाबाखालून निसटलेलं तेल त्या एका फटीतच सुमारे 6 अंशांनी तापतं. तापलं की पातळ, पातळ झालं की आणखी गळती, आणि गळती वाढली की आणखी ताप. सकाळी जोमात चालणारा ट्रॅक्टर अर्ध्या तासाने चढावर का थांबतो, याचं उत्तर या चक्रात आहे.

खोलायच्या आधी बाहेरचं तपासा. ट्रॅक्टर मुळीच हलत नसेल तर मागचा बायपासचा दांडा पाहा (तो ओढला की तेल मोटरला वळसा घालून जातं). ढकलून नेण्यासाठी ओढलेला तो तसाच राहून जातो. मग बेल्ट. त्याच्या कडा चकाकत असतील किंवा ताण देणारी स्प्रिंग सैल असेल, तर जोर पडताच ट्रान्समिशनवरच्या पंख्याचा वेग पडतो. हे लांबून पाहायचं, हात आत घालायचा नाही. त्याच पंख्याची पाती तुटलेली असतील किंवा आवरणावर गवताचा थर बसला असेल, तर चांगला हायड्रोही तापतो. पेडल पूर्ण दाबल्यावर ट्रान्समिशनवरचा आर्म शेवटपर्यंत जातो का? पार्किंग ब्रेक घासत तर नाही ना? अ‍ॅक्सल फिरतोय पण चाक नाही, असं दिसलं तर हबमधली चावी (चाक अ‍ॅक्सलला जखडणारा धातूचा तुकडा) तुटली आहे. पुढे जोर आहे आणि मागे नाही (किंवा उलट), तर लिंकेज (पेडलपासून ट्रान्समिशनपर्यंतचे दांडे) ठीक असल्यास त्या दिशेच्या चेक व्हॉल्व्हवर, म्हणजे तेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर, संशय घ्या.

तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, फेसाळ असेल तर हवा, करडं आणि चमचमणारं असेल तर धातूची झीज. जॉन डिअरच्या 100 मालिकेतल्या कित्येक ट्रॅक्टरांत असणाऱ्या टफ टॉर्क के46 या हायड्रोला 'सीलबंद, देखभाल नको' म्हणतात. त्या शब्दांवर विसंबू नका. तेल सीलबंद असलं तरी म्हातारं होतंच. यात तेल सुमारे 2 लिटर असतं, पण बहुतेकांना ड्रेन प्लग नसतो. म्हणून युनिट उतरवून उलटं करावं लागतं. दाट तेलाने गळती थोडी कमी होते, झीज मात्र भरून निघत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत पंपाला ते ओढणंही जड जातं. बाटलीतल्या जादुई अ‍ॅडिटिव्हवर पैसे घालवू नका.

तेल बदलल्यावर हवा काढायलाच हवी. पुढच्या चाकांना अडण्या लावा, मागची चाकं स्टँडवर उचला आणि बायपास उघडा. इंजिन मंद ठेवून पेडल पुढे-मागे 5-6 वेळा सावकाश दाबा. मग बायपास बंद करून पुन्हा तेच करा आणि पातळी पाहून तेल भरा. एवढ्यानेही जोर आला नाही तर खोलण्याला पर्याय नाही. तबकडीवर किंवा ब्लॉकच्या तोंडावर नख अडेल असा ओरखडा असेल, तर ते भाग बदलावेच लागतात.

के46 गवत कापण्यासाठी आहे, नांगर ओढण्यासाठी नाही. तिथे के66 सारखं जड युनिट हवं. जुना ट्रॅक्टर घेताना विकणाऱ्याला अर्धा तास गवत कापायला सांगा आणि मगच चढावर चालवून पाहा.