औंढ्याचा आरसा कुणाचे नियम पाळणार?

विहिरीत मोठा धोंडा आणि लिंबाएवढा दगड सोबत सोडला तर आधी कोण पडेल? धोंडा, असंच बहुतेकांना वाटतं. पण दोन्ही जवळपास एकदमच पाण्यावर आदळतात. वीस मीटर खाली जायला दोन सेकंद. धोंड्यावर ओढ जास्त असते, पण त्याला हलवायलाही त्याच प्रमाणात जास्त जोर लागतो. हा हिशेब न्यूटनने मांडला. तो इतका चोख का फिटतो, हे मात्र 1915 मध्ये आइन्स्टाइनने सांगितलं: वस्तुमानामुळे अवकाश-काळच वक्र होतो, आणि धोंडा असो की खडा, त्या वक्रतेतली वाट एकच.

ही वक्रता लाटांसारखी पसरूही शकते. सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्याची लाट 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या लायगो या अशा लाटा टिपणाऱ्या यंत्रांनी पकडली. यंत्राच्या चार किलोमीटर लांब भुजेच्या, म्हणजे लेझर जाणाऱ्या नळीच्या, लांबीत फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी! हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ तसंच यंत्र उभारायला केंद्राने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. आपल्या मराठवाड्यात हे होतंय, म्हणून पुढचा प्रश्न इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याने विचारावा असं मला वाटतं.

क्वांटम म्हणजे अणूच्या आतला कारभार असं आपण समजतो, मग मोठ्या वस्तूंचा त्याच्याशी काय संबंध? लायगोच्या भुजेच्या टोकाला 40 किलोचा आरसा टांगलेला असतो. त्यावर पडणारा लेझर फोटॉनांचा, म्हणजे प्रकाशाच्या कणांचा बनलेला, आणि पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखे ते कधी दाट, कधी विरळ येतात. प्रत्येकाचा धक्का बसतो. या क्वांटम चढउतारांनी एवढा वजनदार आरसा प्रत्यक्ष थरथरतो, हे 2020 मध्ये मोजलं गेलं. हलला किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या लाखाव्या भागाहून कमी. म्हणजे लहान वस्तूंना क्वांटम आणि मोठ्यांना न्यूटन अशी वाटणी निसर्गाने केलेलीच नाही. मोठ्या वस्तूत क्वांटम परिणाम इतके बारीक होतात, की एरवी न्यूटनवर भागतं. लायगोत भागत नाही. तिथे प्रकाशाच्या एका गुणधर्मातली अनिश्चितता कमी करतात आणि ती दुसऱ्या गुणधर्मात वाढू देतात. पुरती घालवता येत नाही.

मग गुरुत्वाकर्षणही क्वांटम आहे का? इथे घाई नको. आरशाची ती थरथर प्रकाशामुळे आहे, गुरुत्वाकर्षणामुळे नव्हे. गुरुत्वाकर्षणाचा कण, ग्रॅव्हिटॉन, अजून कुणालाही सापडलेला नाही, आणि एकेकटा ग्रॅव्हिटॉन टिपणं औंढ्याच्या यंत्राच्याही आवाक्याबाहेरचं आहे.