डिस्क पासथ्रू

डिस्क पासथ्रू : होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या) संगणकावरील भौतिक डिस्क, तिची फाइलरूप प्रतिमा न बनवता, सबंधच व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे गेस्टच्या, ताब्यात देण्याची पद्धत. या नावाखाली दोन निराळ्या रचना येतात. पहिलीत होस्टचा ड्रायव्हरच डिस्कशी बोलतो आणि गेस्टला तिचे ब्लॉक तेवढे मिळतात. दुसरीत डिस्क ज्या कंट्रोलरला जोडलेली असते तो कंट्रोलरच गेस्टकडे सोपवला जातो आणि होस्टचा ड्रायव्हर पूर्णपणे बाजूला होतो.

उगम : पीसीवरील व्हर्च्युअलायझेशनपासून हा इतिहास सुरू करण्याची प्रथा आहे, पण तो मेनफ्रेमपर्यंत मागे नेणे अधिक सयुक्तिक वाटते. आयबीएमने १९७२ मध्ये जाहीर केलेल्या व्हीएम/३७० मध्ये गेस्टला डिस्कचा तुकडा, म्हणजे मिनिडिस्क, देता येई. तसेच डिरेक्टरीतील ‘डेडिकेट’ विधानाने संपूर्ण ड्राइव्हही देता येई. मात्र गेस्टने रचलेल्या चॅनेल प्रोग्रामातील (डिस्कला द्यायच्या आदेशांच्या यादीतील) मेमरी-पत्ते गेस्टच्या दृष्टीने खरे असत, यंत्राच्या दृष्टीने नव्हे. म्हणून ड्राइव्ह समर्पित असूनही प्रत्येक चॅनेल प्रोग्राम कंट्रोल प्रोग्रामला (गेस्ट चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रामला) तपासून भाषांतरित करावा लागे. हा खर्च टाळण्यासाठी एका गेस्टची मेमरी खऱ्या मेमरीशी जुळवून बसवण्याची आणि त्याच्यापुरते भाषांतर बंद ठेवण्याची सोय होती. पीसीवर हीच अडचण डीएमएच्या, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत वाचण्या-लिहिण्याच्या, रूपाने पुन्हा उभी राहिली. इंटेलच्या व्हीटी-डी व एएमडीच्या एएमडी-व्हीआय या आयओएमएमयूंनी पत्त्यांचे भाषांतर हार्डवेअरकडे नेले आणि लिनक्स ३.६ मध्ये (२०१२) उपकरण गेस्टला सोपवण्यासाठीची व्हीएफआयओ ही चौकट आली. पूर्ण कंट्रोलर सुरक्षितपणे सोपवणे त्यानंतर सर्वसामान्य झाले.

ब्लॉक स्तरावरील जोडणी : लिनक्समधील केव्हीएम या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीवर डिस्क व्हर्टआयओ-ब्लॉक किंवा व्हर्टआयओ-स्कझी या आभासी उपकरणांमार्फत देतात. डिस्कचे नाव ‘एसडीबी’ असे देऊ नये. बूटनंतर क्रम बदलला की भलतीच डिस्क गेस्टच्या हाती जाते. ‘बाय-आयडी’ निर्देशिकेतील, अनुक्रमांक वा डब्ल्यूडब्ल्यूएन (ड्राइव्हचा एकमेव ओळख-क्रमांक) असलेले नाव वापरावे. ‘कॅश=नन’ ठेवल्यास होस्टची पेज कॅश (मेमरीतील तात्पुरती साठवण) टळते, ड्राइव्हची स्वतःची लेखन-कॅश टळत नाही; म्हणून गेस्टचे फ्लश आदेश (कॅशमधील माहिती कायमची लिहिण्याचे) ड्राइव्हपर्यंत पोहोचले पाहिजेत. या मार्गात गेस्टला सहसा स्मार्टची (ड्राइव्हच्या प्रकृतीची) माहिती दिसत नाही.

सर्वांत घातक दोष मालकीचा. एक्सटी४ सारखी फाइल सिस्टीम होस्ट व गेस्ट दोघांनी माउंट केली की दोघांच्या कॅश एकमेकींपासून अनभिज्ञ राहतात आणि मेटाडेटा बिघडतो. माउंट न करताही धोका उरतो : बूट होताना होस्टचे एलव्हीएम (डिस्कांचे तार्किक गट सांभाळणारी प्रणाली) गेस्टच्या डिस्कवरील व्हॉल्यूम ग्रुप ओळखून चालू करते, एमडीएडीएम हे साधन रेडची (अनेक डिस्कांच्या एकत्रित संचाची) जुळणी करते. त्यासाठी होस्टच्या एलव्हीएम कॉन्फिगमधील ‘ग्लोबल फिल्टर’मध्ये ती डिस्क नाकारावी. झेडएफएस ही फाइल सिस्टीम, तिचा पूल (डिस्कांचा संच) दुसऱ्या यंत्राने वापरला असल्यास, तशी सूचना देते. ती डावलून सक्तीने इम्पोर्ट करू नये.

सेक्टरचे माप हेही लक्षात घ्यावे. ४०९६ बाइटांच्या लॉजिकल सेक्टरची डिस्क गेस्टला ५१२ ची म्हणून दाखवली तर तीवरील विभाजने गायब दिसतात. जीपीटीचे (विभाजनांच्या तक्त्याचे) शीर्षक दुसऱ्या सेक्टरात असते; होस्ट ते ४०९६ व्या बाइटपासून वाचतो, गेस्ट ५१२ व्या बाइटपासून शोधतो. डिस्क रिकामी समजून नव्याने विभाजन करणे ही यातली पुढची चूक. क्यूईएमयूमध्ये (केव्हीएमसोबत गेस्टला आभासी उपकरणे पुरवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘लॉजिकल ब्लॉक साइझ’ स्पष्ट ४०९६ द्यावी.

केवळ पार्टिशन दिल्याने बाकीची डिस्क सुरक्षित राहते असेही गृहीत धरता येत नव्हते. सीव्हीई-२०११-४१२७ या क्रमांकाने नोंदलेल्या सुरक्षा-दोषात पार्टिशनवर दिलेला कच्चा स्कझी आदेश सबंध डिस्कवर लागू होई.

कंट्रोलर सोपवणे : झेडएफएससाठी गेस्टला ड्राइव्ह जशाच्या तशा, स्मार्टसह, दिसाव्यात म्हणून ही रचना पसंत केली जाते. एलएसआय ९२११-८आय हे आठ पोर्टांचे कार्ड त्यासाठी फार वापरले गेले. त्यावर रेडऐवजी आयटी (ड्राइव्ह रेडविना थेट दाखवणारे) फर्मवेअर चढवतात. जुने फर्मवेअर पुसल्यापासून नवे लिहून होईपर्यंत संगणक बंद वा रीस्टार्ट करू नये, अन्यथा कार्ड निकामी होऊ शकते. बायोसमध्ये आयओएमएमयू चालू करून, कर्नलला त्याची सूचना देऊन कार्ड ‘व्हीएफआयओ-पीसीआय’ ड्रायव्हरला बांधतात. होस्टची बूट डिस्क त्याच कार्डावर असल्यास ती होस्टलाच दिसेनाशी होते. एकाच प्रकारची दोन कार्डे असतील तर व्हेंडर-डिव्हाइस क्रमांकाने बांधताना दोन्ही जातात. तेथे पीसीआय पत्ता वापरावा. कार्ड ज्या आयओएमएमयू गटात आहे त्यातील इतर उपकरणेही होस्टच्या वापरातून काढावी लागतात. कार्ड गेस्टच्या कोणत्याही पानावर डीएमए करू शकत असल्याने गेस्टची सगळी मेमरी पिन होते, म्हणजे खऱ्या मेमरीत जागच्या जागी अडकून राहते. परिणामी बलूनिंगचा (गेस्टची मेमरी तात्पुरती परत घेण्याचा) उपयोग होत नाही आणि सामान्यतः लाइव्ह मायग्रेशनही (चालू गेस्ट दुसऱ्या होस्टवर हलवणे) करता येत नाही.

इतर प्रणाली : व्हीएमवेअरमध्ये ‘रॉ डिव्हाइस मॅपिंग’ असते. त्याच्या व्हर्च्युअल प्रकारात स्नॅपशॉट घेता येतो, फिजिकल प्रकारात येत नाही. हायपर-व्हीमध्ये डिस्क आधी होस्टवर ऑफलाइन करावी लागते. विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये ६४ टेराबाइटपर्यंतचे व्हीएचडीएक्स स्वरूप आल्यावर, केवळ आकारासाठी तेथे पासथ्रू वापरण्याचे कारण उरले नाही.