गाठीला सुई : पेशी बघून रोग ओळखायची पद्धत आली कुठून?

"गाठीला सुई लावू देऊ नका, काही असलं तर पसरतं." मानेत नाहीतर छातीत गाठ आली आणि डॉक्टरांनी एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) लिहून दिली की घरातलं कुणीतरी हे म्हणतंच, मग ती तपासणी महिना महिना पुढे ढकलली जाते. या भीतीला अडाणीपणा म्हणून हसणारे बरेच आहेत, पण हीच भीती एकेकाळी अमेरिकेतल्या नावाजलेल्या सर्जन मंडळींनाही होती आणि त्यापायी ही पद्धत तिथे सुरू होऊन तिथेच कोपऱ्यात पडली.

मुळात सुई घालून पेशी काढायची आयडिया एकट्या कॅन्सरवाल्यांची नव्हे. ती मलेरिया, काळा आजार, झोपेचा आजार असल्या रोगांमागे लागलेल्या डॉक्टरांचीही. 1900 साली इंग्लंडात नेटलीच्या लष्करी हॉस्पिटलात कलकत्त्याजवळच्या डमडमला राहून आलेला एक सैनिक वारला, त्याच्या पाणथरीत म्हणजे प्लीहेत विल्यम लीशमन या लष्करी डॉक्टरला बारीक गोल ठिपके दिसले, पण ते त्याने छापलं थेट मे 1903 मध्ये. इकडे मद्रासच्या सरकारी हॉस्पिटलात चार्ल्स डोनोव्हनकडे ताप आणि पोटभर वाढलेली पाणथरी घेऊन पेशंट यायचे, डॉक्टर मलेरिया समजून क्विनाइन द्यायचे आणि उपयोग शून्य. मेलेल्यांच्या पाणथरीत तेच ठिपके त्यालाही दिसले होते. जून 1903 मध्ये त्याने एका जिवंत मुलाच्या पाणथरीत सुई घातली, निघालेला थेंब काचेवर पसरला आणि त्यातही ते सापडले. माणूस जिवंत असताना आतल्या अवयवातल्या पेशी बाहेर काढून निदान, ही खरी उडी, आणि ती आपल्या देशात मारली गेली हे आपण फारसं सांगत नाही. ते ठिपके म्हणजे काळ्या आजाराचा जंतू, त्याला पुढे रोनाल्ड रॉसने दोघांचंही नाव देऊन टाकलं, लीशमानिया डोनोवानी. पुढच्याच वर्षी युगांडात ग्रेग आणि ग्रे या दोघांनी झोपेच्या आजाराच्या पेशंटच्या मानेतल्या गाठींना सुई लावून त्यातले जंतू दाखवले.

यातून दुसरी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे रंग. पेशी नुसत्या काचेवर पसरून फारसं काही कळत नाही, स्टेन लागतो. लीशमन स्टेन 1901 चा, गिम्झा 1904 चा, दोन्हींची मुळं मलेरियाचा जंतू बघायच्या खटपटीत आहेत. आजही आपल्याकडच्या लॅबमध्ये या बाटल्या रोजच्या वापरात असतात आणि त्याच रंगांनी कॅन्सरच्या पेशी बघितल्या जातात.

आता दुर्मिळ रोगांकडे वळू, कारण तिथलं प्रकरण फार रंजक आहे. 1882 साली पॅरिसमध्ये फिलिप गोशे नावाच्या डॉक्टरने आपल्या प्रबंधात एका 32 वर्षांच्या बाईची केस लिहिली. तिची पाणथरी अवाढव्य वाढलेली, आणि तपासली तर आत भल्यामोठ्या, फिकट, एकासारख्या एक पेशी ठासून भरलेल्या. गोशेला वाटलं हा पाणथरीचा कॅन्सर. तो कॅन्सर नव्हता. शरीरात एक चरबीजन्य पदार्थ मोडणारं एन्झाइम कमी असतं म्हणून तो पदार्थ पेशींमध्ये साठत जातो, असा तो आनुवंशिक आजार निघाला, पण कुठला पदार्थ हे कळायला 1934 उजाडलं आणि एन्झाइमची कमतरता सिद्ध व्हायला 1965. म्हणजे पेशी डोळ्यांनी नीट दिसल्या, वर्णनही बरोबर झालं, पण त्या तशा का आहेत हे समजायला 80 वर्षं गेली.

त्या काळात ही निदानं बहुतेक मेल्यावर किंवा पाणथरी काढल्यावरच व्हायची, कारण पाणथरीत सुई घालणं धोक्याचं, रक्तस्राव थांबला नाही तर पेशंट दगावायचा. हे बदललं ते हाडामुळे. 1927 मध्ये लेनिनग्राडला मिखाईल अरिंकिनने छातीच्या मधल्या हाडात जाड सुई घालून मज्जा ओढून काढायची सोपी रीत बसवली. त्याआधी मज्जा हवी तर हाडाला भोक पाडायचं छोटं ऑपरेशनच करावं लागायचं. आता वॉर्डात पलंगावरच काम व्हायला लागलं, ल्युकेमियाचं म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं निदान सोपं झालं आणि गोशेच्या पेशीही जिवंत माणसाच्या मज्जेत दिसायला लागल्या, चुरगळलेल्या टिश्यू पेपरसारख्या, एकदा बघितल्या की विसरणं कठीण.

तर आता न्यूयॉर्क. मेमोरियल हॉस्पिटलात हेस मार्टिन हा डोकं-मानेच्या कॅन्सरचा सर्जन. तिथे रेडियमचे उपचार जोरात चाललेले, पण उपचार करायचे तर गाठ कॅन्सरचीच आहे याचा पुरावा हवा, आणि चाकूने उघडली तर पसरेल ही धास्ती. मधला मार्ग म्हणून मार्टिनने 18 गेजची सुई आणि सिरिंज घेऊन गाठीतून पेशी ओढायला सुरुवात केली आणि एडवर्ड एलिस या लॅब टेक्निशियनने त्यांच्या स्लाइड बनवल्या. 1930 साली दोघांचा पेपर आला. एका टेक्निशियनचं नाव मोठ्या सर्जनच्या बरोबरीने पेपरवर, हे मला त्या काळाच्या मानाने फारच भारी वाटतं. फ्रेड स्टुअर्ट हा पॅथॉलॉजिस्ट स्लाइड वाचायचा, त्याने 1933 मध्ये आपला अनुभव छापला.

आणि मग काहीच नाही. मेमोरियलच्या बाहेर पद्धत पसरली नाही. एक तर सुईने कॅन्सर पसरेल ही भीती, दुसरं म्हणजे पॅथॉलॉजिस्टांना तुकडा कापून त्याची रचना बघायची सवय, चार सुट्या पेशींवर सही कोण करणार. भीतीचं उत्तर 1962 साली आलं, तेही मेमोरियलमधूनच : बर्ग आणि रॉबिन्स यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांचा 15 वर्षांचा हिशोब तपासला, सुई लावलेल्या आणि न लावलेल्या, आणि जगण्यात फरक निघाला नाही. सुईच्या वाटेवर कॅन्सर उगवल्याच्या केसेस आहेत, नाही असं नाही, पण बारीक सुईने अगदी विरळा. वृषणाची गाठ किंवा हायडॅटिड (एका जंताची पाणी भरलेली गाठ) असेल तर मात्र डॉक्टर स्वतःच सुई टाळतात, कारण हायडॅटिडचं पाणी आत सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते.

याच शहरात दुसरीकडे जॉर्ज पापानिकोलाऊ नावाचा ग्रीक माणूस होता. 1913 ला आला तेव्हा नोकरी नाही म्हणून एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये गालिचे विकायचा, बायको तिथेच बटणं शिवायची. पुढे कॉर्नेलमध्ये गिनिपिगच्या योनीतल्या पेशी बघता बघता तो बायकांच्या पेशींकडे वळला, आणि वर्षानुवर्षं नमुना देणारी पहिली बाई म्हणजे त्याची बायको मेरी, जी लॅबही सांभाळायची. 1928 मध्ये त्याने कॅन्सरच्या पेशी दिसतात असं जाहीर केलं ते मिशिगनमधल्या वंशसुधारणेच्या एका परिषदेत, जिचा कर्ता कॉर्नफ्लेक्सवाला डॉक्टर केलॉग, आता अशा ठिकाणी हे कोण मनावर घेणार. त्याच सुमाराला बुखारेस्टमध्ये ऑरेल बाबेशनेही गर्भाशयमुखाच्या पेशींवरून कॅन्सर ओळखायची स्वतःची रीत मांडली होती, पण तो मागे पडला. पापानिकोलाऊचं खरं चाललं 1941 चा पेपर आणि 1943 चं पुस्तक आल्यावर, दोन्ही हर्बर्ट ट्राउटबरोबर.

सुईला जीवदान मिळालं स्वीडनमध्ये. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का हॉस्पिटलात सिक्स्टन फ्रान्झेन, योसेफ झाजिचेक ही मंडळी 1950-60 च्या दशकांत कामाला लागली. फ्रान्झेन रक्त आणि मज्जेच्या स्लाइड बघण्यात मुरलेला, त्यामुळे सुट्या पेशींची त्याला भीती नव्हती. अमेरिकेतली 18 ची जाड सुई जाऊन 22 च्या आसपासची बारीक सुई आली (गेजचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होते), स्टेन गिम्झाच्या घराण्यातला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जो डॉक्टर गाठ हाताने चाचपायचा तोच सुई लावायचा आणि तोच स्लाइड वाचायचा. माझ्या मते निम्मं यश इथेच आहे, कारण अर्ध्या चुका सुई भलतीकडे गेल्यामुळे किंवा स्लाइड जाड पसरल्यामुळे होतात. अमेरिकेत हे परत गेलं 1970 नंतर.

भारतात तर ही पद्धत रुजणारच होती. ऑपरेशन थिएटर नको, भूल नको, एक सुई, एक सिरिंज, काही काचा. इंडियन अकॅडमी ऑफ सायटॉलॉजिस्ट्स ही पेशी तपासणाऱ्यांची संस्था 1970 ची. पण आपल्याकडे मानेतल्या गाठीच्या सुईचं पुस्तकापेक्षा वेगळं उत्तर फार वेळा येतं, टीबी. स्लाइडवर ग्रॅन्युलोमा म्हणजे सुजेतल्या पेशींचे पुंजके, मेलेल्या पेशींचा चिजासारखा गाळ, आणि झील-नील्सन स्टेनमध्ये लाल काड्या म्हणजे टीबीचे जंतू दिसले की औषधं सुरू. त्याच टीबीच्या गर्दीत एखादा रोझाई-डॉर्फमन लपलेला असतो, 1969 साली नीट वर्णन झालेला विरळा आजार, बऱ्याचदा लहान पोरांच्या मानेत दोन्हीकडे मोठाल्या गाठी, बघणाऱ्याला लिम्फोमाच (लसीका गाठींचा कॅन्सर) वाटावा, पण स्लाइडवर मोठ्या पेशीच्या पोटात धडधाकट लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दिसतात आणि बघणारा जाणता असेल तर तिथेच शंका येते.

पेशींवर विसंबायची मर्यादाही महाराष्ट्रातच मोजली गेली. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियल यांच्या मदतीने, 52 गावसमूहांतल्या 1,31,746 बायकांवर मोठा अभ्यास झाला, तो 2009 ला छापून आला. तपासणी न झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने 64 मृत्यू, एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) टेस्ट केलेल्या गटात 34, आणि पापानिकोलाऊच्या पद्धतीच्या म्हणजे पॅप टेस्टच्या गटात 54. (एका गटाची तपासणीच केली नाही यावर टीकाही झाली, ती रास्तच वाटते.) पेशी काचेवर आल्या तरी त्या वाचणारे डोळे माणसाचे, ते तयार करायला, टिकवायला, तपासत राहायला खर्च येतो.

थायरॉइडचा रिपोर्ट हातात पडलेल्यांना बेथेस्डा 1 ते 6 हे आकडे (सुईच्या रिपोर्टची श्रेणी) माहीत असतील, 2007 च्या बैठकीतून आलेले. त्यातल्या 4 वर, म्हणजे फॉलिक्युलर गाठीच्या संशयावर, लोक फार अडकतात, डॉक्टर सरळ काय ते का सांगत नाहीत म्हणून चिडतात. तर फॉलिक्युलर गाठ साधी की कॅन्सरची हे ठरतं ती आपलं कवच किंवा रक्तवाहिनी फोडून बाहेर गेलीय का यावर, आणि सुट्या पेशींमध्ये कवच नसतंच, मग कितीही मुरलेला पॅथॉलॉजिस्ट असो, बऱ्याचदा थायरॉइडचा तेवढा भाग काढूनच बघावं लागतं. लिम्फोमाचंही बहुतेकदा तसंच, सुईने संशय येतो, नक्की प्रकार ठरवायला गाठ काढतात. गोशेचं आता रक्तातलं एन्झाइम मोजून आणि जीन तपासून पक्कं करतात, मज्जा काढावीच लागते असं नाही, पण पाणथरी कशाने वाढली म्हणून मज्जा काढली आणि स्लाइडवर त्या पेशी दिसल्या म्हणून पुढची टेस्ट पाठवली, असं अजूनही होतं.