वटवाघूळ चावल्याचं डॉक्टरांपर्यंत पोचलंच नाही

मे 2004. अमेरिकेत डॅलसमध्ये एका ब्रेन डेड दात्याचं यकृत आणि दोन्ही किडन्या तिघांना बसवल्या गेल्या. दाता मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाने गेला, असं निदान झालं होतं. महिन्याभरात तिघेही मेंदूच्या दाहाने आजारी पडले. एकही वाचला नाही. मग चौथा रुग्णही तसाच गेला. त्याला यकृत दुसऱ्याच दात्याचं मिळालं होतं, फक्त रक्तवाहिनी जोडण्यासाठी वापरलेला धमनीचा तुकडा या पहिल्या दात्याचा होता. चौघांनाही रेबीज झाला होता. आपल्याला वटवाघूळ चावल्याचं दात्याने ओळखीच्या लोकांना सांगितलं होतं, हे नंतर कळलं.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी प्रत्येक दात्याची होते. सायटोमेगॅलो विषाणू तर बहुतेक प्रौढांच्या शरीरात सुप्त असतोच, तो गृहीत धरून औषधं दिली जातात. रेबीजचं तसं नाही. तो चेतातंतूंमधून मेंदूत शिरतो आणि पुढे चेतातंतूंमधूनच इतर अवयवांत उतरतो, त्यामुळे रक्ताच्या तपासणीत हाती लागत नाही. धमनीच्या भिंतीतही चेतातंतू असतात, म्हणून तेवढा तुकडा पुरला. त्यात नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते.

2013 मध्ये मेरीलँडमधला एक रुग्ण किडनी मिळाल्यावर तब्बल दीड वर्षाने रेबीजने गेला. विषाणू रकून या प्राण्यात आढळणाऱ्या प्रकारचा होता, आणि दात्याला रकून चावल्याचं घरच्यांशी पुन्हा बोलल्यावर समोर आलं. त्याच दात्याचे अवयव मिळालेल्या इतर तिघांना लगेच लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) दिलं. त्यांना रेबीज झाला नाही.

असे प्रसंग फार विरळा आहेत, आणि अवयवाची वाट बघताना जीव जाण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. पण आपल्याकडे कुत्रा चावणं ही रोजची गोष्ट. ‘एवढंसं ओरखडलं होतं’ म्हणून ती कुणी डॉक्टरांना सांगतही नाही. आयसीयूबाहेर अवयवदानाचा समन्वयक जेव्हा विचारतो, ‘गेल्या वर्षा-दोन वर्षांत काही चावलं होतं का? लस पूर्ण घेतली होती का?’, तेव्हा दुःखातल्या नातेवाइकांना तो प्रश्न अवेळी वाटतो. तरी तो विचारायलाच हवा, तोही घरच्यांबरोबर मित्रांनाही. आणि दात्याच्या मेंदूच्या दाहाचं कारण सापडलं नसेल, तर प्रतीक्षायादी कितीही लांब असो, तो अवयव न घेणंच मला योग्य वाटतं.