पी५३ आणि प्रतिपिंडाची नजर

पेशीतील डीएनएला इजा झाली की विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ द्यायचा, की त्या पेशीचा अंत घडवून आणायचा, हे ठरवण्यात पी५३ या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत त्याच्या जनुकात बिघाड आढळतो. निरोगी पेशीत मात्र ते अत्यल्पच असते, कारण एमडीएम२ हे दुसरे प्रथिन त्याला सतत नष्ट होण्याच्या वाटेवर लावत असते. एवढ्याशा मात्रेतील प्रथिन हजारो प्रथिनांच्या गर्दीतून हुडकण्यासाठी प्रयोगशाळेत प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक लक्ष्यालाच चिकटणारे प्रथिन, वापरतात. एकाच साच्याचे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची रीत १९७५ मध्ये कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी दाखवून दिली, तेव्हापासून हे काम आवाक्यात आले.

वेस्टर्न ब्लॉट या चाचणीत पेशींतील प्रथिने जेलमधून विजेच्या दाबाने आकारमानानुसार वेगळी करून एका पातळ पटलावर उतरवतात. पटलावरच्या मोकळ्या जागा बहुधा दूध पावडरच्या द्रावणाने झाकतात, नाहीतर प्रतिपिंड वाटेल तिथे चिकटून बसते. शेवटी प्रतिपिंड पी५३ ला जिथे धरते, तिथे एक गडद पट्टा उमटतो. गंमत म्हणजे या प्रथिनाचे नावच जेलमधील चुकीच्या अंदाजावर बेतलेले आहे: त्याचे खरे वस्तुमान सुमारे ४४ किलोडाल्टन, पण त्यातील प्रोलीन या अमिनो आम्लाने भरलेल्या भागामुळे ते जेलमध्ये रेंगाळते आणि ५३ चे भासते.

प्रतिपिंड अख्खे प्रथिन ओळखत नाही, त्याचा एक छोटा तुकडा ओळखते, आणि खरी मेख इथेच आहे. डीओ-१ हे बहुतेक प्रयोगशाळांच्या परिचयाचे प्रतिपिंड पी५३ च्या ३९३ अमिनो आम्लांपैकी २० ते २५ या टप्प्याला धरते. एमडीएम२ देखील जवळपास याच जागी बसते. शिवाय विसाव्या स्थानावरील सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडला गेला, तर डीओ-१ ची पकड सुटते. डीएनएला इजा झाल्यावर हा बदल होऊ शकतो, म्हणजे प्रथिन वाढलेले असतानाही पट्टा त्या मानाने फिका दिसण्याचा धोका राहतो. पीएबी-२४० या दुसऱ्या प्रतिपिंडाची तऱ्हा आणखी वेगळी. ते ज्या तुकड्याला धरते तो नीट घडी बसलेल्या प्रथिनात दडलेला असतो, म्हणून ते बिघडलेल्या रूपालाच चिकटते; परंतु जेलमध्ये सगळ्याच प्रथिनांची घडी उलगडत असल्याने तिथे हा भेद उरत नाही.

म्हणूनच नुसत्या पट्ट्यावर विसंबणे मला धाडसाचे वाटते. एच१२९९ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशींत पी५३ नसतेच. जेलमधील त्यांच्या रकान्यातही त्याच जागी पट्टा आला, तर प्रतिपिंड भलत्यालाच धरत आहे हे उघड होते. ऊतींच्या पातळ कापांवर प्रतिपिंड वापरून पी५३ ला रंग आणतात, तिथेही हाच न्याय लागू पडतो. बिघडलेले पी५३ बहुधा साठत जाते आणि गाठीतील केंद्रके गडद रंगतात, पण प्रथिन अर्धवटच बनत असेल तर रंग मुळीच येत नाही. अशा वेळी रोगनिदानतज्ज्ञ शेजारच्या निरोगी पेशी पाहतात: त्यांत फिकट रंग दिसला तर गाठीतील अभाव खरा मानतात, आणि त्याही कोऱ्या असतील तर चाचणी पुन्हा करावी लागते.