नेटवर्क बूट अडलं? फोन लावण्याआधी हे टिपून ठेवा
'सर, लॅबमधले कॉम्प्युटर नेटवर्कवरून बूट होत नाहीत.' उदगीर किंवा वसमतहून एवढाच निरोप गेला, तर पुण्यात बसलेल्या इंजिनिअरच्या हाती काहीच लागत नाही. त्याला स्क्रीन दिसत नाही, केबल हलवून बघता येत नाही. बूट नेमकं कुठे थांबलं, हे मात्र आपण जागेवरून सांगू शकतो.

हार्ड डिस्कऐवजी नेटवर्क कार्डातून सुरू होण्याच्या पद्धतीला पीएक्सई म्हणतात. कार्ड आधी केबलमधली लिंक पाहतं, मग डीएचसीपीकडे, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, आयपी पत्ता मागतं. पत्त्यासोबत 'कुठल्या सर्व्हरवरची कुठली फाइल घ्यायची' हेही कळावं लागतं. ती फाइल टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने उतरते आणि पुढे ऑपरेटिंग सिस्टीम आणते. अडखळण्याच्या प्रत्येक जागेचा एरर कोड वेगळा. ई६१ आला तर केबल किंवा पोर्ट बघा. ई५१ म्हणजे डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही. ई५३ म्हणजे उत्तर आलं, पण त्यात फाइलचं नाव नव्हतं. ई३२ म्हणजे नाव कळलं, पण टीएफटीपी सर्व्हर बोलत नाही. बहुतेकदा ती सेवा बंद असते किंवा फायरवॉल आडवी येते. हे कोड काही सेकंदांत निघून जातात, म्हणून फोटोच्या नादी न लागता पॉवर बटण दाबल्यापासून मोबाइलवर व्हिडिओ घ्या.

मग मोजणी करा: एकच मशीन अडतंय की सगळी? फक्त नवीच अडत असतील, तर जुन्या बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या जुन्या प्रोग्रामची) बूट फाइल नव्या यूईएफआय (बायोसच्या जागी आलेल्या प्रोग्रामच्या) मशीनला दिली जात असण्याचा संशय धरा. दोघांच्या फाइली वेगळ्या असतात. अडलेल्या एका मशीनचं मॉडेल, मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा कायमचा क्रमांक), बूट मोड (बायोस की यूईएफआय) आणि सिक्युअर बूट (फक्त सही केलेली बूट फाइल चालू देणारी सेटिंग) चालू की बंद, एवढं लिहून घ्या.

आपल्याकडे लाईट परत आली की सर्व्हर, स्विच आणि सगळी मशीन एकदमच सुरू होतात. सर्व्हर तयार होण्याआधीच मशीन विचारून थकतात. पाच-दहा मिनिटं थांबून एकच मशीन लावा आणि फरक पडला का ते नोंदवा. त्यातही अडलं तर स्विचमधल्या स्पॅनिंग ट्रीवर (केबलींचं वर्तुळ होऊ न देणाऱ्या सोयीवर) नजर टाका: जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत लिंक लागल्यावर पोर्ट सुमारे ३० सेकंद डेटा पुढे सोडत नाही, आणि काही कार्डं तेवढी वाट बघत नाहीत. पडताळा सोपा आहे. मशीन आणि मोठ्या स्विचच्या मध्ये पाच पोर्टचा साधा स्विच लावा. आता बूट झालं, तर दोष जवळजवळ नक्की तिथेच. हे एक निरीक्षण सपोर्टवाल्याचे कित्येक प्रश्न वाचवतं.

त्याच केबलला लॅपटॉप जोडून विंडोजच्या कमांड विंडोत 'ipconfig /all' (आयपीकॉन्फिग ऑल) चालवा आणि 'डीएचसीपी सर्व्हर' ही ओळ बघा. तिथे लॅबच्या सर्व्हरऐवजी इंटरनेटच्या राउटरचा पत्ता दिसला, तर ई५३ चं कारण बहुधा सापडलंच: राउटर आयपी देतो, फाइलचं नाव देत नाही.

सर्व्हरवर वायरशार्क किंवा टीसीपीडंप (नेटवर्कवरची देवाणघेवाण टिपणारे प्रोग्राम) असेल, तर एकाच मशीनच्या एका बूटची नोंद घ्या. ती मात्र मॅक पत्त्यावर गाळा, म्हणजे फक्त त्या मशीनचीच देवाणघेवाण ठेवा. पोर्ट ६९ वर (इथे पोर्ट म्हणजे स्विचचं भोक नव्हे, टीएफटीपी सेवेचा क्रमांक) गाळलीत तर फाइलची मागणी तेवढी दिसेल. टीएफटीपीचं उत्तर दुसऱ्या पोर्टवरून येतं, ते नोंदीतून निसटेल.

हे सगळं होईपर्यंत सेटिंगला हात लावू नका. अर्धवट बदलांनी मूळ दोष झाकला जातो. व्हिडिओ, मशीनचा तपशील, पकडलेली नोंद, डीएचसीपीची सेटिंग फाइल आणि बिघाडाच्या आधी काय बदललं (नवा राउटर, नवी मशीन, अपडेट), हे एकत्र पाठवा. सेटिंग फाइलीतले पासवर्ड त्याआधी पुसून टाका.